ट्युलिपचा कांदा, आमचा फ्रीज आणि आपली बाग

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "सर, तुम्ही इतिहास शिकवलात, बागसमितीतही आहात, तर बागेचा इतिहास तुम्हीच लिहा." मी लगेच हो म्हटलं. पंचवीस वर्षांत बागेत कोणती झाडं लागली, बोअरचं पाणी कधी आटलं, कारंजं कधी बसलं आणि कधी बंद पडलं, हे सगळं इतिवृत्ताच्या वह्यांमधून उतरवून काढायचं एवढंच काम होतं. पण लिहायला बसलो आणि गाडी ट्युलिपवर येऊन अडली. ती का अडली ते सांगतो. त्यासाठी थोडा लांबचा इतिहास सांगावा लागेल आणि शेवटी एक कबुलीही द्यावी लागेल.

मागच्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रौप्यमहोत्सवी वर्षाचा विषय निघाला. 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला वर्षाचं उद्घाटन करायचं ठरलं. तेव्हा ए विंगमधल्या तरुण मंडळींनी सूचना मांडली की त्या दिवशी आपल्या बागेत ट्युलिप फुललेले असावेत. सभेत हशा पिकला. कुणी म्हणालं, "हे नाशिक आहे, श्रीनगर नाही." कुणी 'सिलसिला'तल्या अमिताभ-रेखाची आठवण काढली. पण दिल्लीत महापालिका रस्त्याकडेला ट्युलिप लावते, मग आपल्या नाशिकची थंडी काय कमी आहे का, असा मुद्दा आला आणि ठराव मंजूर झाला. 100 कंद, दर 60 रुपये, एकूण 6,000 रुपये. जबाबदारी अर्थातच माझ्यावर. कारण मी इतिहासाचा मास्तर आणि शिवाय निफाड तालुक्यातल्या कांदेवाल्याचा मुलगा. कांदा लावता येतो त्याला ट्युलिपही लावता येणार, असा सगळ्यांचा हिशेब. माझाही तोच होता.

कांदा झोपलेला असतो

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आपल्यापैकी जुन्या सभासदांना आठवत असतील. 2003 साली आई गेल्यावर ते गावाहून आमच्याकडे राहायला आले. ते म्हणायचे, "चाळीतला कांदा मेलेला नसतो, झोपलेला असतो. त्याला नीट झोपू दिलं तर तो टिकतो."

ट्युलिपचंही नेमकं हेच आहे. कंद म्हणजे झाडाची शिदोरी. आपला कांदा उभा कापला तर पाकळ्यांसारखे मांसल पापुद्रे दिसतात, खाली चकतीसारखं बूड आणि मधोमध कोंब. ट्युलिपच्या कंदातही तेच. फरक एवढाच, की उन्हाळ्यात तो कोरडा पडून असतो तेव्हा त्याच्या पोटात पुढच्या वर्षीचं अख्खं फूल बारीक रूपात तयार होत असतं. पाकळ्या, पुंकेसर, सगळं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वाळका कांदा आहे.

पण ते फूल बाहेर यायला थंडी लागते. साधारण 12 ते 16 आठवडे, 9 अंशांच्या खाली. तेवढी थंडी मिळाली की आतल्या पिष्टाची साखर होते आणि दांडा लांब वाढायची तयारी करतो. थंडी मिळाली नाही तर नुसती पानं येतात, किंवा कळी बुटकी राहून जमिनीलगतच सुकते. निफाडच्या शेतकऱ्याला हे नवं नाही. कांद्याला जास्त थंडी लागली की डेंगळे येतात, म्हणजे फुलाचा दांडा निघतो. खायच्या कांद्याला ते नुकसान आणि बियाण्याच्या कांद्याला तेच हवं. ट्युलिपवाल्यांना कायम डेंगळेच हवे असतात, असं म्हटलं तरी चालेल.

डोंगरातून बागेत

ट्युलिप म्हटलं की आपल्याला हॉलंड आठवतं, पण तो मूळचा तिथला नाही. त्याचं घर मध्य आशियात, पामीर आणि तिएन शान या डोंगररांगांत. तिथले हिवाळे कडक आणि उन्हाळे कोरडे. म्हणून या झाडाने युक्ती काढली. बर्फ वितळला की घाईने फुलायचं, बी धरायचं आणि उन्हाळा सुरू व्हायच्या आत जमिनीखाली जाऊन झोपायचं. गंमत म्हणजे आपल्या कांद्याचं मूळही मध्य आशियातच असल्याचं मानतात. म्हणजे लासलगावच्या मार्केटातला कांदा आणि हॉलंडचा ट्युलिप हे कुळाने वेगळे असले तरी गाववाले निघतात.

बाबराने काबूल घेतलं 1504 साली. त्याला बागांचा भारी नाद. आपल्या आठवणींत त्याने लिहून ठेवलंय, की काबूलजवळच्या टेकड्यांवरच्या ट्युलिपच्या जाती त्याने मोजून घेतल्या आणि त्या 32-33 निघाल्या. लढाया चालू असताना फुलं मोजायला लावणारा हा माणूस! त्याचा पणतू जहांगीर 1620 मध्ये काश्मीरला गेला तेव्हा त्याच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराने तिथल्या फुलांची चित्रं काढली. त्यातलं लाल ट्युलिपचं चित्र आजही प्रसिद्ध आहे.

पण ट्युलिपला खरं राजवैभव मिळालं ते तुर्कस्तानात. तिथे त्याला 'लाले' म्हणतात. सुलतानांच्या बागांमध्ये, कापडांवर, मशिदींच्या फरशांवर, सगळीकडे हे फूल दिसतं. तिसऱ्या अहमद सुलतानाच्या काळात तर 1718 ते 1730 या वर्षांना 'ट्युलिपचं युग' असंच नाव पडलंय. रात्री बागेत कासवांच्या पाठीवर मेणबत्त्या लावून सोडत, असं सांगतात. तो थाटमाट सामान्य माणसाच्या डोळ्यांत खुपला आणि 1730 मध्ये इस्तंबूलमध्ये बंड होऊन सुलतानाला गादी सोडावी लागली. 'ट्युलिप' हे नावही तिकडूनच आलं. पगडीसाठी असलेल्या फारसी-तुर्की शब्दावरून. फुलाचा आकार पगडीसारखा, म्हणून युरोपियनांनी पगडीचंच नाव फुलाला देऊन टाकलं.

एका म्हाताऱ्या मास्तरची बाग

सोळाव्या शतकाच्या मध्यावर हे कंद तुर्कस्तानातून युरोपात पोचले. 1559 मध्ये कॉनराड गेस्नर नावाच्या स्विस पंडिताने जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावात एका बागेत लाल ट्युलिप फुललेला पाहिला आणि त्याचं वर्णन लिहिलं. पण हॉलंडमध्ये ट्युलिप रुजवण्याचं श्रेय जातं कॅरोलस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला. हा 1593 साली लायडन विद्यापीठाच्या बागेचा प्रमुख म्हणून आला तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. म्हणजे आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर सहज बसला असता. त्याने बरोबर आणलेले कंद त्या हिवाळ्याआधी लावले आणि 1594 च्या वसंतात ते फुलले.

क्लुसियस हा अभ्यासू माणूस. मित्रांना पत्रं लिहायची, पत्राबरोबर कंद पाठवायचे, बदल्यात दुसरे मागवायचे, हा त्याचा आनंद. पण त्याच्या बागेतून कंद चोरीला जायला लागले. आपल्या बागेतल्या जास्वंदीच्या कळ्या पहाटे सहा वाजता कोण नेतं हे शोधण्यात आपली दोन वर्षं गेली, तेव्हा त्याचं दुःख आपल्याला समजायला हरकत नाही.

त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हॉलंडमध्ये जे झालं ते जगप्रसिद्ध आहे. काही ट्युलिपच्या पाकळ्यांवर अचानक ज्वाळांसारखे पट्टे उमटत, पांढऱ्यावर लाल, पिवळ्यावर जांभळे. कोणत्या कंदातून कधी असं फूल येईल ते कुणालाच सांगता येत नसे. बी पेरून फूल यायला पाच-सात वर्षं लागतात आणि बियांतून तो पट्टा तसाच येतोही असं नाही. तो मिळवायचा तर त्याच कंदाला बाजूने फुटणारी पिल्लं हवीत आणि ती वर्षाला एखाद-दुसरीच येत. माल थोडा आणि गिऱ्हाईक फार. त्यात 1636 च्या हिवाळ्यात कंद जमिनीत असतानाच त्यांचे कागदावर सौदे व्हायला लागले. खानावळीत बसून माणसं न पाहिलेला माल न हाती आलेल्या पैशांनी विकत घेत आणि संध्याकाळपर्यंत पुढे विकत. डच लोकांनीच या धंद्याला 'वाऱ्याचा व्यापार' असं नाव दिलं होतं. कुशल कारागीर तेव्हा वर्षाला साधारण 300 गिल्डर मिळवत असे आणि 'सेम्पर ऑगस्टस' या लाल-पांढऱ्या ट्युलिपच्या एका कंदाची किंमत 10,000 गिल्डरपर्यंत गेल्याचं सांगतात.

फेब्रुवारी 1637 च्या पहिल्याच आठवड्यात हार्लेम गावात लिलावाला गिऱ्हाईक उभं राहिलं नाही. बातमी पसरली आणि भाव कोसळले. त्याच आठवड्यात अल्कमार गावात एका खानावळवाल्याच्या सात पोरक्या मुलांसाठी त्याच्या कंदांचा लिलाव झाला होता आणि त्यात सुमारे 90,000 गिल्डरची बोली लागली होती. पुढे भांडणं वर्षभर चालली. शेवटी 1638 मध्ये हार्लेमच्या नगरपालिकेने तोड काढली, की ठरलेल्या किमतीच्या साडेतीन टक्के द्या आणि सौद्यातून मोकळे व्हा.

शाळेत मी शिकवायचो, की या ट्युलिपवेडाने हॉलंड बुडालं, माणसांनी कालव्यात जीव दिले. पण अलीकडच्या इतिहासकारांनी जुनी कागदपत्रं तपासल्यावर दिसलं, की तसं काही झालं नाही. व्यापार करणारे मूठभर होते, बहुतेक सधन होते. जे तुटलं ते विश्वास. ज्याने शब्द दिला त्याने तो पाळला नाही, याचा लोकांना जास्त राग आला. हे वाक्य मी वहीत उतरवलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. नंतर ते माझ्यावरच उलटलं.

आणि ते ज्वाळांसारखे पट्टे? तो चक्क रोग होता. 1928 साली इंग्लंडमध्ये डोरोथी केयली या संशोधक बाईंनी दाखवून दिलं, की हे विषाणूचं काम आहे. तो पसरवतो मावा. हो, तोच आपल्या गुलाबांवर आणि जास्वंदीवर पडणारा. ज्या कंदाला लाखमोल आलं होतं तो कंद आजारी होता आणि आजारी असल्यामुळेच त्याला पिल्लं कमी यायची.

या कांद्याने एकदा माणसं जगवलीही आहेत. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांच्या वेढ्यामुळे पश्चिम हॉलंडमध्ये अन्न संपलं. वीस हजारांवर माणसं उपासमारीने गेली. तेव्हा लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले. मधला पिवळा कोंब काढून टाकायचा, कारण तो बाधतो, आणि उरलेलं उकडायचं किंवा वाळवून दळायचं. पुढे युद्ध संपलं आणि 1950 मध्ये कॉकेनहॉफची बाग लोकांसाठी खुली झाली. हीच ती 'सिलसिला'तली बाग. दर वर्षी पावसाळी थंडीत तिथले माळी सुमारे 70 लाख कंद हाताने लावतात आणि फुलून झाले की काढून टाकतात. हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं एकदा लावले की झालं.

आपल्या देशात श्रीनगरला दल सरोवराजवळ झबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 मध्ये ट्युलिपची मोठी बाग सुरू झाली. सुमारे 30 हेक्टर. तिथेही हॉलंडहून कंद आणावे लागतात. मार्चअखेर ते एप्रिल एवढाच तिचा हंगाम. आपल्या सोसायटीतली चार कुटुंबं पाहून आली आहेत आणि त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिले आहेत.

आपले शंभर कंद

आता आपल्या बागेकडे येतो. मागच्या सप्टेंबरच्या मध्याला रोपवाटिकेवाल्याने 100 कंद आणून दिले. निम्मे पैसे, म्हणजे 3,000 रुपये, आगाऊ दिले होते. उरलेले फूल आल्यावर द्यायचे ठरले. त्याने सांगितलं, "सर, बारा आठवडे फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको, मग डिसेंबरात लावा." आमच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात 80 कंद मावले. उरलेले 20 तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या फ्रीजमध्ये ठेवून घेतले.

10 डिसेंबरला लागवड केली. वाफ्यात वाळू आणि शेणखत मिसळलं, पाणी साचू नये म्हणून वाफे उंच केले, टोक वर करून कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल पुरले. मुलांनी खूप मदत केली. आमचे 80 कंद प्रवेशद्वाराजवळच्या दोन लांब वाफ्यांत लावले आणि काकूंचे 20 ध्वजस्तंभाभोवतीच्या गोलात.

जानेवारीत पानं आली. सगळीकडे आली. 25 तारखेला ध्वजस्तंभाभोवती रंग दिसायला लागला आणि 26 ला तिथले 17 ट्युलिप उभे होते. आपण सगळ्यांनी फोटो काढले. पण प्रवेशद्वाराजवळच्या 80 पैकी फक्त 3 फुलले. बाकीच्या कळ्या पानांच्या आतच कागदासारख्या वाळल्या होत्या.

पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये हिशेब निघाला. मी सांगितलं, की रोपवाटिकेवाल्याने वाफ्याला पुरेल एवढे चांगले कंद वर दाखवले आणि बाकीचा माल जुना दिला. मला तसं खरंच वाटत होतं. तो आला तेव्हा त्याला सगळ्यांसमोर बोलणं बसलं. तो एवढंच म्हणाला, "सर, एकाच खोक्यातले कंद होते." उरलेले 3,000 रुपये द्यायचे नाहीत असं ठरलं आणि यापुढे त्याच्याकडून रोपं घ्यायची नाहीत, असंही इतिवृत्तात लिहिलं गेलं. गेली बारा वर्षं आपल्या बागेची रोपं तोच देत होता. ते इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे.

या लेखासाठी वाचन करताना कंद साठवण्याबद्दलची एक साधी सूचना नजरेस आली. ट्युलिपचे कंद थंड जागी ठेवताना जवळ पिकलेली फळं ठेवू नयेत, विशेषतः सफरचंद. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो. हाच वायू केळी पिकवायला वापरतात. बंद जागेत तो साठला की कंदातली फुलाची बारीक कळी मरते. पानं येतात, फूल येत नाही.

मी वाचायचं थांबलो आणि हिला विचारलं, "अगं, गेल्या सप्टेंबरात आपण सफरचंदाची पेटी आणली होती ना? कुठे ठेवली होती?"

ही म्हणाली, "खालच्या कप्प्यातच. तुमच्या त्या कांद्यांच्या शेजारी. आणि एकदा नाही, दिवाळीनंतर दुसरीही पेटी आणली होती. नातू काय थोडी खातो?"

मग मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकूंना विचारलं, "काकू, तुम्ही फ्रीजमध्ये फळं ठेवता का हो?"

त्या म्हणाल्या, "छे! फळांची चव जाते. आमच्याकडे फळं टोपलीत असतात."

हिशेब सरळ होता. खोकं एक, माती तीच, पाणी तेच, लावण्याचा दिवस तोच. वेगळे होते ते फक्त फ्रीज. काकूंच्या 20 तले 17 फुलले, माझ्या 80 तले 3. रोपवाटिकेवाला खरं बोलत होता. काश्मीरच्या सफरचंदांनी माझ्या डोळ्यांदेखत ट्युलिप मारले आणि शिक्षा दिली ती तिसऱ्यालाच.

मागच्या महिन्यात त्याच्या रोपवाटिकेत गेलो. उरलेले 3,000 रुपये माझ्या खिशातून दिले, ते सोसायटीच्या खात्यात टाकू नयेत ही विनंती. माफी मागितली. तो कुंडी भरत होता, हात पुसले आणि म्हणाला, "जाऊ द्या सर. फळांचं मीही सांगायला हवं होतं." पैसे घेताना मात्र त्याने मोजून घेतले. मला ते बरं वाटलं. पण माफी चारचौघांत मागायला हवी, कारण बोलणं चारचौघांत बसलं होतं. म्हणून हे इथे लिहितो आहे. इतिवृत्तातली ती ओळ रद्द करावी, असा अर्जही मी कमिटीला दिला आहे.

पंपहाऊसमागचे गोंडे

आता सुरुवात झालीच आहे तर आणखी एक. 2004 च्या फेब्रुवारीत पंपहाऊसमागच्या कोपऱ्यात पांढऱ्या फुलांचे गोल गोंडे आले होते, कंबरेएवढ्या दांड्यांवर. काही जणांना आठवत असेल. ते अण्णांचे कांदे. गावाकडून बियाण्याचे निवडक कांदे आणून त्यांनी दिवाळीनंतर लावले होते. मधमाश्या खूप यायच्या. मुलं चेंडू आणायला तिकडे जातात, माशी चावेल, आणि सामाईक बागेत कांदे कसले, हे काय शेत आहे का, अशा तक्रारी आल्या. तेव्हा मी सचिव होतो. "सामाईक जागेत खासगी लागवड करू नये," अशी सूचना फलकावर मीच लावली. अण्णांशी घरी आधी बोलायला हवं होतं, ते बोललो नाही. अण्णांनी फलक वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा मोकळा होता. बी भरायला अजून दोन महिने होते. त्यावर ते माझ्याशी कधीच काही बोलले नाहीत.

त्या कांद्यांना सोसायटीचा एक पैसाही लागला नव्हता, फ्रीजही लागला नव्हता. निफाडची थंडी त्यांना पुरेशी होती.

पुढच्या वर्षी लावायचं काय

रौप्यमहोत्सवानंतर बागेत वसंतात फुलणारे कंद हवेतच. पण इथल्या हवेत राहणारे. माझी शिफारस अशी:

ॲमरिलिस लिली. मूळची दक्षिण अमेरिकेतली, पण आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मस्त फुलते. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या वर ठेवावा. फुलून गेल्यावर दांडा कापावा, पानं मात्र कापू नयेत. पानंच कंदात पुढच्या वर्षाची शिदोरी भरतात.

मे फ्लॉवर. ज्याला मुलं फुटबॉल लिली म्हणतात. ही आफ्रिकेची. एप्रिल-मेमध्ये जमिनीतून थेट लाल चेंडू वर येतो, पानं मागून. हिचा कंद विषारी असतो, म्हणून मुलांना सांगून ठेवावं. एकदा लावली की जागा हलवू नये.

निशिगंध. मेक्सिकोहून आलेला, आता पूर्ण आपला. मार्च-एप्रिलमध्ये लावावा, पावसाळ्यापासून फुलं.

आणि सगळ्यांना एक नियम. पानं पिवळी पडून आपोआप वाळेपर्यंत थांबायचं. आपल्याकडे कुणी पाहुणे यायचे असले की 'बाग स्वच्छ दिसू दे' म्हणून माळीकाकांना पिवळी पानं कापायला लावतात. कृपया तसं करू नये. झोपलेल्या कंदाला पाणीही घालू नये, तो कुजतो.

ट्युलिप पुन्हा आणायचे असतील तर जरूर आणू. फुललेले पाहिले तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. फक्त कंद काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवायचे आणि रोपवाटिकेवाला तोच.

शेवटी, पंपहाऊसमागच्या कोपऱ्यात एक ओळ बियाण्याच्या कांद्याची लावायची परवानगी मी कमिटीकडे रीतसर मागितली आहे. या वेळी आधी विचारतो आहे. मंजूर झाली तर दिवाळीनंतर लावू, फेब्रुवारीत गोंडे येतील. मधमाश्याही येतील. मुलांना मी स्वतः उभा राहून सांगेन, की लांबून बघा. आणि बी मात्र पूर्ण भरू द्यायचं.

— बी विंगमधला एक जुना सभासद